गंगूबाईची माळ

मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर एक वाडी आहे. तिथे दिवसातून दोनदा एसटी येते, म्हणजे एकदा येते आणि एकदा येणार असते. त्या वाडीतली गोजरा शेडगे ही नटी आहे. हे वाक्य वाडीत मोठ्याने म्हणायची सोय नाही. पूर्वी म्हटलं असतं तर लोक हसले असते, आता म्हटलं तर गप्प होतात. त्या हसण्याचं गोजराला कधी वाईट वाटलं नाही. या गप्प होण्याची मात्र तिला भीती वाटते.

सुरुवात झाली भाकरीपासून. वाडीच्या वर, लवासाकडे जाणाऱ्या वाटेला, कुणी कुणी बांधायला घेतलेले आणि सोडून दिलेले बंगले आहेत. खिडक्यांना काचा नाहीत, जिन्यांना कठडे नाहीत. राहायला कुणी फिरकत नाही, पण शूटिंगवाल्यांचा अशा जागांवर भारी जीव. दहाबारा वर्षांपूर्वी तिथे आलेल्या युनिटला भाकऱ्या थापून द्यायला गोजरा गेली होती. प्रेताभोवती रडायला चार बायका हव्या होत्या, म्हणून तिलाही उभं केलं. बाकीच्या तिघी तोंडात पदर धरून हसत होत्या. गोजरा अशी काही रडली, की प्रेत झालेल्या नटाने डोळा उघडून बघितलं आणि सीन पुन्हा घ्यावा लागला. सगळे तिच्यावर खेकसले. पण घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली आली होती.

मग सुरू झाली वणवण. भूगावच्या बंगल्यात मालिकांची शूटिंगं चालत. तिथे सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि संध्याकाळी ऐकायचं, ‘मावशी, आज तुमचा सीन नाही.’ कधी डोक्यावर हंडा घेऊन नायिकेच्या मागून जायचं, कधी दारात येऊन ‘बाईसाहेब, मोटार आली’ एवढंच म्हणायचं. एका मेकअपवाल्याने तर ती पुरेशी गावाकडची दिसत नाही असा शेरा मारला. जन्मभर भातखाचरात उभी राहिलेली बाई, आणि त्याने तिच्या तोंडाला काळं फासलं! गोजराने तेही सोसलं. तिचा नवरा आबा वाईट माणूस नव्हता. बायकोने मोटार आल्याचं सांगितलं याचे पैसे कुणी का देतं, हे कोडं त्याला सुटत नव्हतं, इतकंच. गोजरा गोठ्यात शेळ्यांसमोर त्या एका वाक्याची तालीम करायची. कधी घाईने, कधी भीतीने, कधी मोटारीत कोण आलंय ते आधीच ठाऊक असल्यासारखी.

तिची शाळा म्हणजे बघणं. आणि बघायला घरात सासू होती.

सासूचं नाव गंगूबाई. तिच्या अंगात देवी यायची. मंगळवारी आणि पुनवेला अंगण भरायचं, लोक कौल मागायला यायचे. वीस वर्षं गोजरा शेजारी कापराचं ताट धरून उभी राहिली आणि तिच्याही नकळत सगळं टिपत गेली. आधी उजव्या पायाचा अंगठा आत वळायचा. मग टाच उचलायची, मग खांदा, मग श्वास, आणि मान सगळ्यात शेवटी. एकदा तर घुमता घुमता म्हातारीने डावा डोळा किलकिला करून चुलीवरचं दूध उतू जातंय का ते पाहिलं होतं. गोजराला हसू आवरेना, ताटातला कापूर विझायची वेळ आली.

पण म्हातारीचा शेवट हसण्यासारखा नव्हता. दम्याने ती खाटेला खिळली, तरी लोक हळद घेऊन दारात उभेच. उठवून बसवायचे, विचारायचे. जाण्याआधी तिने एकदा गोजराचा हात धरला.

“गोजरे, पयल्यांदा म्या ढोंगच केलं व्हतं. तुजा सासरा मारायचा, म्हून. मंग लोकं सोडंनात. आन् येक दिस म्या सोडाया गेले, तर त्येच सोडंना.”

“कोन सोडंना, आत्याबाई?”

म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. ती माळ अशीतशी घालत नाहीत. पाच बायका ओटी भरतात, गळ्यात माळ घालतात, आणि ती उतरते ती त्या बाईच्या मरणानंतरच. गंगूबाई गेली, माळ देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर गेली. कुणी घ्यायला पुढे आलं नाही आणि गोजरानेही तिकडे हात नेला नाही.

दोन वर्षांपूर्वी उत्कर्षा नावाची पुण्याची दिग्दर्शक त्याच अर्धवट बंगल्यांत भुताची वेब सिरीज करायला आली. तिला एक देवऋषीण हवी होती. तीन सीन, पानभर बोलणं. गोजराला ते काम मिळालं. उभं राहायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की कलाविभागाने आणलेली कवड्यांची माळ प्लास्टिकची आहे आणि लाईटमध्ये ती चमकतेय. उत्कर्षाने कपाळाला हात लावला. उजेड चालला होता, अख्खं युनिट ताटकळलं होतं.

“थांबा जरा,” गोजरा म्हणाली, “घरी येक हाय.”

ती स्वतः वाडीत उतरली. खुंटीपाशी तिचा हात क्षणभर अडखळला. पण एवढ्या वर्षांनी पहिलं खरं काम हाताशी आलं होतं, आणि ते एका माळेपायी जाऊ द्यायला ती तयार नव्हती. तिने माळ काढली, पदराखाली घेतली आणि डोंगर चढून गेली.

सीन एका फटक्यात झाला. अंगठा, टाच, खांदा, श्वास, मान. उत्कर्षा ‘कट’ म्हणाली तशी गोजराने डोळे उघडले, माळ उतरवली आणि चहा मागितला. आवाज पकडणारा माणूस मागे सरकत भिंतीला जाऊन टेकला होता.

“मावशी, कुठे शिकलात हे?” उत्कर्षाने विचारलं.

“सासूपाशी,” गोजरा म्हणाली आणि पोटभर हसली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा चहा होता.

सिरीज आली, वाडीने मोबाईलवर बघितली. शेवटी पाट्यांमध्ये गोजराचं नाव होतं, पण नाव यायच्या आधीच मोबाईल पुढच्या भागावर उडी मारायचा. त्यामुळे नाव कुणीच वाचलं नाही. गळ्यातली माळ मात्र सगळ्यांनी ओळखली.

त्यानंतर काही घडलं म्हणावं, तर काहीच घडलं नाही. फक्त शेजारची रत्नाबाई, जी बांधावरून वीस वर्षं ‘गोजरे, तुजं वाटूळं हुईल’ म्हणून भांडत आली, ती एका सकाळी पाणंदीत बाजूला झाली आणि म्हणाली, “जावा आई, तुमी म्होरं.” गोजराला वाटलं, टोमणा मारतेय. ती हसली. रत्नाबाई हसली नाही. मग उंबऱ्यावर हळद दिसायला लागली. मग लिंबं, मग नारळ. आबाने पहिले दोन नारळ खुशीत फोडून खाल्ले. तिसऱ्याला त्याने हात लावला नाही. पुढे तो बिडी ओढायला अंगणाबाहेर जाऊ लागला आणि एक दिवस स्वतःचं अंथरूण उचलून पडवीत घेऊन गेला.

“आवो, तुमाला काय झालं?” गोजराने विचारलं.

“काय न्हाई. बाहीर वारं लागतंय,” आबा म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

गोजरा दारोदार सांगत सुटली. “आगं, मी नटी हाय. समदं नाटक हाय ते!” बायका माना डोलवायच्या. “व्हय आई,” म्हणायच्या, “देवी आसंच सांगती.” आता या लोकांपुढे डोकं आपटायचं की काय! नटीला याहून मोठी शाबासकी मिळत नाही, हे खरं. पण ती शाबासकी गोजराच्या घशात अडकून बसली होती.

या पावसाळ्यात उत्कर्षाचा फोन आला. नवी मालिका, मोठं काम. शहरातली निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा, कांजी केलेली सुती साडी. शुक्रवारी भूगावला यायचं, कपडे-चष्मा चढवून कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं, की काम पक्कं. गोजराचा आनंद गगनात मावेना. तिला पैशाचं अप्रूप नव्हतं तेवढं चष्म्याचं होतं. एकदा चष्मा लावलेली, इंग्रजी शब्द बोलणारी गोजरा रोज संध्याकाळी घराघरांत दिसली, की वाडीला कळेलच की ही सोंगं घेते. देवी काही चष्मा लावत नाही. हे काम मिळालं तर ती सुटणार होती.

शुक्रवारी ती पिशवी घेऊन अंगणात उभी होती. खाली रस्त्यावर तिला भूगावला नेणारी जीप लागली होती. तेवढ्यात बांधाकडून आरडाओरडा आला. चार माणसं रत्नाबाईच्या मुलाला, नरहरीला, घोंगडीत घालून आणत होती. भाताच्या बेणणीत, तण काढताना, त्याला घोणस चावली होती. पाय सुजून काळानिळा पडलेला, हिरड्यांतून रक्त. शेजारून वाडीची आशा सेविका धम्मदीपा धावत होती आणि ओरडत होती, “हितं कशाला आनताय? जीप उभी हाय! पौडला चला, दवाखान्यात लस हाय!”

घोंगडी गोजराच्या पायाशी ठेवली गेली.

“आईचा कौल घेतल्याबिगर हलवायचा न्हाई,” रत्नाबाई म्हणाली. “आई, उतरवा त्याचं इख.”

“मी आई न्हाई!” गोजरा किंचाळली. “मी गोजरी हाय, रत्नाबाई! तुज्याशी बांधावरनं भांडलेली गोजरी! न्या त्याला, मरंल त्यो!”

रत्नाबाईने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसंच राहू दिलं. माणसं हात जोडून उभी. नरहरीला उलटी झाली, तीही तांबडी. धम्मदीपा जवळ आली. या मुलीने आजवर कुठल्या देवापुढे मान लववली नव्हती. ती गोजराच्या कानाशी म्हणाली, “आत्या, माजं कुणी ऐकंना. तुमचं ऐकत्याल. काय करायचं ते करा, पर बिगी बिगी.”

गोजराने नरहरीकडे पाहिलं. मग खाली जीपकडे. आज हे केलं, तर पुन्हा कधी ‘मी नटी हाय’ म्हणायचं तोंड राहणार नाही, हे तिला पुरतं कळत होतं. तिने घरात जाऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि शेजारच्या खुंटीवरची माळ गळ्यात घालून अंगणात आली.

अंगठा. टाच. खांदा. श्वास. मान.

“पौडात बसले मी!” तिच्या गळ्यातून गंगूबाईचा आवाज निघाला. “दवाखान्यात बसले! तितं आना माज्या लेकराला! सुईत हाय मी, सुईत! वाटंत थांबाल तर त्यो गेला!”

घोंगडी उचलली गेली, धम्मदीपा पुढे धावली, जीप गेली. गोजराला जीप गेल्याचा आवाज ऐकू आला. आता थांबायला हरकत नव्हती. पण बायका हात जोडून बसल्या होत्या आणि कसं थांबायचं तेच तिला सुचेना. सेटवर कुणीतरी ‘कट’ म्हणायचं. तिने बराच वेळ वाट पाहिली. शेवटी दमून पडली तेव्हाच ते थांबलं. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या कपाळावर मळवट भरलेला होता.

नरहरी वाचला. सांगायला धम्मदीपा आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. “येळंत पोचलो म्हून वाचला, आत्या,” ती म्हणाली, आणि मग हळूच, “ती माळ परत घालू नगा.” गोजराने माळ कधीच उतरवून खुंटीला लावली होती. खुंटीपुढून जाताना आबा वहाणा हातात घेत होता.

नरहरी घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नाबाई चार बायकांना घेऊन आली. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. त्यांनी अंगणात पाट मांडला. गोजरा त्यावर बसली म्हणण्यापेक्षा तिला बसवलं, कारण कुणी तिला विचारलंच नाही. तेवढ्यात फोन वाजला. उत्कर्षा होती.

“मावशी, ते मुख्याध्यापिकेचं दुसरीकडे गेलं. शुक्रवारी तुम्ही आला नाहीत, चॅनेल थांबेना.” “तुमच्या अंगणातला व्हिडिओ आलाय माझ्याकडे. सगळीकडे फिरतोय.”

“आवो ताई, त्यो पोरगा मरत व्हता, म्हून...”

“हो, कळलं मला. एक विचारू? रागावणार नाही ना?” उत्कर्षाचा आवाज एकदम खाली आला. “मावशी, तुमच्या अंगात खरंच येतं का हो?”

जगात एकच माणूस होतं, ज्याने तिच्या घुमण्याला ‘ॲक्शन’ म्हटलं होतं आणि ‘कट’ म्हटलं होतं. ‘न्हाई’ म्हणायला तिने तोंड उघडलं. मागून रत्नाबाईने तिच्या हातातला फोन अलगद काढून बाजूला ठेवला आणि खुंटीवरून आणलेली माळ तिच्या गळ्यात घातली. कवड्या गार होत्या. अंगणात आणखी माणसं येऊन बसत होती, पडवीतून आबाही उठून त्यांच्यात येऊन बसला.

गोजराने मान खाली घातली. तिच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला होता. तिने तो वळवला नव्हता.