कॅप्टन झाली आणि इंदूर सुटलं

मुलगी कॅप्टन होणार हे कळलं तेव्हा पोलोग्राउंडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी सगळ्यांना पोहे-जलेबी खाऊ घातली. शेजारचा कारखानदार म्हणाला, "भिया, अब तो आप जमीन पे पाँव नहीं रखोगे!" तिला पोस्टिंग कुठे, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

ती विमानकंपनीत को-पायलट. कोणाचा बेस कुठल्या शहरात, हे त्यांच्याकडे सीनियॉरिटीवर ठरतं. वरचे आधी निवडतात, उरलेलं खालच्यांना. म्हणून सुरुवातीला तिच्या वाट्याला गुवाहाटी आलं आणि नात आमच्याकडे, इंदूरच्या सुदामा नगरला वाढली. हळूहळू नंबर वर सरकला, इंदूर मिळालं. गेलं वर्षभर नात आईच्या कुशीत झोपत होती.

त्याच संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, चेन्नई मिळालं."

"कोणाला?"

"मला. कॅप्टनांची लिस्ट वेगळी असते. तिच्यात मी सगळ्यात खाली."

फिटरला फोरमन केला की त्याला गेटवर उभं करतो का मी?

"साहेबाचा नंबर दे. मी बोलतो."

लोखंडाचे भाव पाडण्यात माझी हयात गेली. बोलून तुटत नाही असा सौदा मी पाहिलेला नव्हता.

"कोणाशी बोलणार? लिस्टशी?" ती हसली.

"मग नको होऊस कॅप्टन!" मी ताट सरकवलं.

"आज नाही म्हटलं तर माझ्या मागचे पुढे जातील. मग कायम ते माझ्या वर." नातीकडे बघत ती म्हणाली, "आणि या वेळी हिला मी सोबत नेणार."

माझा राग जागच्या जागी थिजला.

"शाळेचं वर्ष संपेपर्यंत ठेव."

"नाही."

"निदान दिवाळीपर्यंत."

"नाही, बाबा. मी हिला फोनमध्येच मोठी होताना पाहिलंय."

तरी मी सौदा सोडला नाही. "ठीक. पण दर दिवाळीला इथे यायचं. हे पक्कं."

तिने माझी नजर चुकवली. "दिवाळीची सुट्टीपण सीनियॉरिटीवरच मिळते."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग आपण जाऊ की!" नात माझ्या मांडीवर पेंगत होती, आणि लिस्टवरचे जे लोक तिला माझ्यापासून नेत होते, त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.