डबा रिकामा गेला

अमेरिकेतल्या शॉमबर्गचा संग्राम घोरपडे बायको कादंबरीपासून वेगळा झाला आणि त्याच वर्षी दोघांच्याही आयटीतल्या नोकऱ्या गेल्या. मुलीच्या खर्चाचे पैसे त्यानं द्यावेत असं कोर्टानं ठरवलं होतं, पण बेकार माणूस देणार कुठून? शेवटी दोघांनीही वेगवेगळे जाऊन सरकारी अन्नमदत मागितली.

मदतीच्या ऑफिसातल्या बाईंनी संग्रामला विचारलं, "बायकोबरोबर जेवण शेअर करता?"

"तोंडसुद्धा बघत नाही तिचं!" संग्राम म्हणाला. पण खरं बोलायची खोड नडली. "फक्त मुलगी माझ्याकडे येताना आईच्या हातची भाजी आणते. जाताना मी डबा परत पाठवतो."

"रिकामा?"

संग्राम भडकला. "रिकामा डबा कोणी परत करतं का? मी पोहे भरून देतो."

"मग त्या पोह्यांच्या डब्याचं काय होतं?"

"तो परत येतो. ती तरी रिकामा कसा पाठवेल?"

बाईंनी निकाल दिला. एकमेकांचं शिजवलेलं खाता, म्हणजे कुटुंब एकच. मदतही दोघांत एकच.

संग्राम तणतणत घरी आला. त्यानं डबा घासूनपुसून तसाच रिकामा मुलीबरोबर पाठवून दिला. गेलं खड्ड्यात ते एक कुटुंब!

तासाभरात दार धडधडलं. बाहेर कादंबरी उभी होती, धापा टाकत.

"बरा आहेस ना? डबा रिकामा आला, मला वाटलं तुझं काही बरंवाईट झालं!"

तिच्या हातात गरम खिचडीचा डबा होता. संग्रामनं कपाळावर हात मारला. आता हाही परत करायचा होता.