बुडू न दिलेली घटिका

चिंचेने घासलेल्या तांब्याचा वास आला, की मी धारला अक्काच्या लग्नात जाऊन पोचतो. मुहूर्त मोजायला तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडली होती. ती बुडाली की लग्न लागायचं. पण दरबारचे मानकरी आले नव्हते, म्हणून जोशीबुवांनी वाटीखाली बोट धरून काळालाच थांबवलं. आत अंथरुणाला खिळलेले वडील विचारत होते, "लागलं का गं?"

"लागतंय. जरा धीर धरा," आई म्हणायची.

मानकरी आले. आईने बाहेर येऊन कोरड्या डोळ्यांनी अक्षता टाकल्या आणि लग्न लागल्यावर काकांना म्हणाली, "भावजी, आत चला. हे अर्ध्या तासापूर्वीच गेले."

काळ खरोखर असतो का, मला ठाऊक नाही. त्या अर्ध्या तासात वडील आम्हा सगळ्यांसाठी जिवंत होते, एकट्या आईसाठी नव्हते.