टक्के दाखवा

“टक्के दाखवा.”

जाफराबादहून जालन्याकडे निघालेल्या संध्याकाळच्या जीपमध्ये पुढच्या दोन सीटांच्या मधून एक उताणा तळहात मागे यायचा. मान वळायची नाही, चेहरा दिसायचा नाही. फक्त तळहात. त्यावर आपला मोबाइल ठेवायचा आणि टेबलावर अर्ज ठेवून उभे राहतात तसे गप्प बसायचे.

जीप सलीमभाईची. तिच्यात चार्जिंगची पिन एकच. दुसरी होती, ती कोणाच्या तरी पिशवीला अडकून तुटली. आम्ही अप-डाऊन करणारे आठ-दहा जण, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचेच फोन माना टाकलेले. त्यात आमच्या रस्त्याला मध्येमध्ये रेंज नाही. रेंज नसली की फोन टॉवर शोधत बसतो आणि शोधूनच अर्धा होतो. म्हणजे मागणारे दहा आणि पिन एक. असे प्रमाण जिथे असते तिथे एक साहेब आपोआप तयार होतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

नाव लिहीत नाही. तालुक्याच्या एका कार्यालयात ते हेडक्लार्क होते, म्हणजे खरे साहेब नव्हते. पण साहेब म्हटल्याशिवाय त्यांना ऐकू येत नसे. त्याच आवारातल्या दुसऱ्या कार्यालयात मी हिशेब बघतो. जीपमध्ये माझी जागा बरोबर त्यांच्या मागे, त्यामुळे त्यांच्या मानेचा आणि खांद्यावरून दिसणाऱ्या त्यांच्या मोबाइलचा मला चांगला अभ्यास आहे.

नियम त्यांचेच. वीस टक्क्यांच्या वर असेल तर अर्ज नामंजूर. वीसच्या खाली असेल तर छाननी. आधी ब्राइटनेस बघायचे. “हा फोन हाये का गॅसबत्ती?” मग ब्लूटूथ, हॉटस्पॉट आणि शेवटी लोकेशन. लोकेशनवर त्यांचा विशेष राग. “लोकेशन कशाला चालू? तुम्ही कुठं हाये ते तुम्हाला माहीत न्हाई का?” असे म्हणून ते स्वतःच्या अंगठ्याने बंद करायचे. विचारायचे नाहीत.

खरी मजा त्यानंतर होती. कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली याचे एक पान प्रत्येक फोनमध्ये असते. ते उघडून साहेब मोठ्याने वाचायचे. बियाण्याच्या कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी होता. त्याचा फोन हातात घेऊन साहेब म्हणाले, “व्हिडिओ, एकसष्ट टक्के. कंपनीचं ॲप, दोन टक्के. मालकाला माहीत हाये का?” पिन नामंजूर. खताच्या दुकानातल्या एकाच्या फोनवर त्यांनी “रमी!” असे वाचले, तेव्हा त्याचा सासरा मागच्या बाकावर बसलेला होता. सासरा उतरताना रोज जावयाचे भाडे द्यायचा, ते त्या दिवशी दिले नाही.

आम्ही हसायचो. मीही हसायचो. दुसऱ्याचे पान वाचले जात असेल तर प्रवास लवकर संपतो.

त्यांना न घाबरणाऱ्या एकच, खरात मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एकदा साहेबांनी सवयीने त्यांच्या फोनचे लोकेशन बंद केले. त्यांची शाळेची हजेरी फोनवरून लागायची आणि तिला लोकेशन लागायचे. दुसऱ्या दिवशी मॅडम फळ्यासमोर उभ्या आणि हजेरीत गैरहजर. संध्याकाळी जीपमध्ये पाय ठेवताठेवताच त्यांनी सुरुवात केली.

“साहेब, तुमच्या कृपेनं मी आज शाळेत नव्हते म्हणे.”

“पण बॅटरी?” साहेबांनी पुढे बघतच विचारले. “बॅटरी टिकली का न्हाई?”

“टिकली ना. आता पगार बॅटरीलाच द्यायला सांगते.”

“बघा, टिकली,” साहेब सलीमभाईला म्हणाले. एवढेच त्यांच्या कानात शिरले होते.

त्यांचे शास्त्रही स्वतंत्र होते. फोन शंभरापर्यंत भरायचा नाही. “बैलाला कोणी नरड्यापर्यंत चारतं का?” उन्हाळ्यात फोन माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यावर ठेवायचा. वापरलेले प्रत्येक ॲप हाताने सरकवून लगेच बंद करायचे, नाहीतर ते “आतमध्ये बसून खाऊन राह्यतं.” मला अशा गोष्टी पडताळून बघायची खोड आहे. काही दिवस मी ॲप सरकवून बंद केले, काही दिवस केले नाहीत, आणि संध्याकाळचे टक्के ताडून पाहिले. काडीचा फरक नव्हता. उजेड कमी केल्याने मात्र फरक पडत होता, लोकेशनचाही थोडा पडत होता. म्हणजे साहेब निम्मे बरोबर होते. मी त्यांना प्रामाणिकपणे तसे सांगितले.

“तुमचा फोनच चुकीचा हाये,” ते म्हणाले.

आता त्यांच्या स्वतःच्या फोनबद्दल. तो रोज संध्याकाळी सहा-सात टक्क्यांवर असायचा. पिनवर पहिला हक्क त्यांचा, आणि त्यांची छाननी करणारे कोणी नव्हते. खरात मॅडम म्हणायच्या, “साहेब, एवढं सगळं बंद ठेवून तुमचाच कसा मरतो? एकदा आम्हालाबी टक्के दाखवा की.”

“आमचं काम वेगळं हाये.”

काम काय ते मला मागून दिसत होते. नकाशा. दिवसभर उघडा नकाशा, त्यावर एक ठिपका. लोकेशन चालू, उजेड पूर्ण.

ठिपका म्हणजे त्यांचा मुलगा. त्याने सरकारी नोकरी करावी म्हणून साहेबांनी प्रत्येक जाहिरातीचा अर्ज भरला होता. मुलाने एकही परीक्षा धड दिली नाही. तो ट्रकवर गेला. जालन्याच्या कारखान्यांतली सळई घेऊन देशभर हिंडू लागला. हेडक्लार्कचा पोरगा ड्रायव्हर झाला म्हणून बापाने बोलणे टाकले, आणि पोरानेही ते उचलले नाही. पण आईचा जीव राहीना. तिचा फोन साधा, बटनांचा. म्हणून एकदा घरी आला असताना मुलाने स्वतःचे लोकेशन बापाच्या फोनवर जोडून दिले, “आईला दाखवत जा” एवढे म्हणाला आणि गाडीवर गेला.

तेव्हापासून साहेब आईसाठी नकाशा बघत होते. जीपमध्ये अचानक कोणालाही उद्देशून नसलेले एखादे वाक्य यायचे: “वर्धा गेलं.” किंवा, “कवाधरून एकाच जागी हाये. जेवत असंल.” मी विचारले की म्हणायचे, “घरवालीला सांगावं लागतं हो. बायकांचं काय, काळजी करतात.”

त्यांच्या घरवाली मला एकदा बाजारात भेटल्या. मी सहज म्हणालो, “मुलगा कुठं आहे ते तुम्हाला रोज कळत असेल.”

“मला कुठं दाखवतात?” त्या म्हणाल्या. “इचारलं तर म्हणतात, सारखं बघितल्यानं बॅटरी उतरते.”

मग महालक्ष्म्या आल्या. मुलगा जेवणाला घरी आला. आणि महालक्ष्म्यांनंतरच्या पहिल्या सकाळी जीपमध्ये एक अघटित घडले. साहेब अख्खे मागे वळून बसले. त्यांचा पूर्ण चेहरा आम्ही जीपमध्ये प्रथमच पाहिला. हसरा होता.

“पोरगा म्हणला, आईला हं, मला न्हाई, की फोन दुपारीच बंद पडतो, मालक वरडतो. मी हात पुढं केला. म्हटलं, टक्के दाखव.” त्यांनी तळहात करून दाखवला. “दिला ना गुपचूप! कवा माझं काही ऐकलं न्हाई त्यानं. मी बराबर सगळं करून देलं. उजेड कमी, ब्लूटूथ बंद, लोकेशन बंद. पहाटं गेला. बघू आता कुठवर…”

त्यांनी नकाशा उघडला. ठिपका त्यांच्याच घरावर होता.

“अजून घरीच? माझ्यासमोर गाडी काढली की त्यानं.”

आधी खरात मॅडमच्या लक्षात आले. “साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “लोकेशन तुम्हीच बंद केलं ना?”

साहेबांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, नकाशा बोटांनी मोठा केला. ठिपका घरावरच.

“साहेब,” सलीमभाई आरशात बघून म्हणाला, “तुम्ही तर आपलीच पिन उपटली!”

जीप हसून हसून हलली. इतक्या वर्षांची वसुली होती ती. बियाण्याच्या कंपनीचा पोरगा तर डोळे पुसत होता. साहेब परत पुढे वळले. राजूरपर्यंत आम्हाला फक्त मान दिसत होती, आणि ती कडक होती.

दोन-चार दिवस नकाशावर मुलगा घरीच राहिला. घरी नसलेला मुलगा घरी दाखवणारा तो ठिपका साहेब उघडून बघायचे आणि मिटायचे. मग एके सकाळी ठिपकाही गेला.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? फोन करायचा, लोकेशन चालू कर म्हणायचे. खरात मॅडमही तेच म्हणाल्या.

“काय सांगू त्याला?” साहेब म्हणाले. “बाप दिवसभर तुला वरतून बघून राह्यला होता?”

“आईचं नाव सांगा. एरवी सांगताच की.”

साहेबांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, “काल त्याचा फोन आल्ता. मलाच. म्हणला, बाबा, तुम्ही करून देलं तवापासून बॅटरी रात्रीपर्यंत पुरती. ढाब्यावर समद्यांना सांगितलं म्हणे, माझ्या बापानं करून देलं.” त्यांच्या आवाजात जे होते त्याला मी आनंद म्हणणार नाही आणि दुसरे नावही मला सापडत नाही. “पयल्यांदा माझं ऐकलं हो त्यानं. आता मीच सांगू, चुकलं म्हणून?”

“मग विचारा ना सरळ, कुठं आहेस? जेवलास का?” मॅडमचा आवाज चढला. “फोन बोलायलाबी असतो, साहेब.”

“बोलायचं काय पण?” साहेब म्हणाले. हे ते खरोखर विचारत होते. मोठमोठ्या टिपण्या लिहिणारा माणूस, आणि पोराशी बोलायला त्यांच्याकडे एक वाक्य नव्हते.

यानंतर त्यांचा फोन संध्याकाळी ऐंशी टक्के असायचा. कधी ब्याऐंशी. सहावरून ऐंशीवर! त्यांच्या शास्त्राचा एवढा स्वच्छ पुरावा माझ्या पडताळ्यातही कधी निघाला नव्हता, आणि तो त्यांनी कोणालाही दाखवला नाही. तळहात मागे येत राहिला, पण छाननी ढिली पडली. एकदा त्या बियाण्याच्या पोराला त्यांनी पान न वाचताच पिन दिली. पोरगा घाबरला. “साहेब, बरं न्हाई का?” त्याने विचारले.

पुढे ते निवृत्त झाले. आम्ही वर्गणी काढून त्यांना पॉवर बँक दिली. कल्पना खरात मॅडमची. तिच्यात टोमणा किती आणि माया किती ते त्यांनाच ठाऊक. साहेबांनी खोका उघडला, उलटसुलट केला आणि विचारले, “किती टक्के भरून आणली?” कोणीच भरली नव्हती. “वाटलंच,” ते म्हणाले. निरोपाचे त्यांचे एवढेच भाषण.

सलीमभाईने नंतर जीपला दोन पिना बसवल्या. दोन पिना झाल्या आणि साहेबपद संपले. आता ज्याला हवे तो खुपसतो. कोणाचे पान कोणी वाचत नाही आणि रस्ता फार लांब वाटतो.

परवा मी घरावरच्या खोलीसाठी सळईचा भाव काढायला एमआयडीसीकडे गेलो होतो. कारखान्यांच्या बाहेर ट्रक रांगेने उभे असतात, तिथे एक चहाची टपरी आहे. टपरीच्या बाकावर साहेब बसलेले. मांडीवर आमची पॉवर बँक. समोर एक धूळभरला ड्रायव्हर, आणि त्याच्यापुढे तोच उताणा तळहात.

“टक्के दाखव.”

ड्रायव्हरने निमूट फोन ठेवला. फुकट चार्जिंग मिळत असेल तर माणूस कोणाचेही ऐकतो. मी टपरीच्या आडोशालाच थांबलो.

“कुठून आला?”

“रायपूर.”

“रस्त्यानं एक गाडी दिसली का? एम एच एकवीस. निळी केबिन, मागं मोर काढलेला हाये.”

“मोरवाली? कारंज्याच्या अलीकडं उभी होती काल. टायर बदलून राह्यला होता.”

“एकलाच होता का?”

“न्हाई, क्लीनर होता की संगं.”

साहेबांनी मान हलवली. पोराला एक फोन केला असता तर हेच कळले असते, आणि चहाचे पैसेही वाचले असते. पण तो हिशेब माझा झाला. त्यांनी ड्रायव्हरचा फोन डोळ्यांजवळ धरला आणि छाननी सुरू केली. ब्लूटूथ बंद. हॉटस्पॉट बंद. मग अंगठा लोकेशनवर गेला आणि तिथेच थांबला.

“हे कोण बघतं का घरून?”

“बायको बघती.”

“मंग राहू दे,” साहेब म्हणाले. त्यांनी वायर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि लगेच खेकसले, “पण उजेड किती लावला रे हा! फोन हाये का गॅसबत्ती?”