जुन्यात उघडून पाहिली

नागापूरच्या एका कारखान्यात मी टायपिंगला लागलो, तेव्हा ऑफिसात नवा कॉम्प्युटर नुकताच आला होता. तो माझ्या टेबलावर असल्यामुळे मी हवेतच होतो. आमच्या सीनियर टायपिस्ट बाई मात्र कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करायच्या.

एकदा मी सुट्या भागांची यादी फ्लॉपीत भरून जवळच्या वर्कशॉपला पाठवली. दुपारी तिथले वयस्कर मालक फ्लॉपी घेऊन स्वतःच आले. यादीच्या जागी त्यांना नुसते चौकोन दिसत होते. "माझाच कॉम्प्युटर बिघडलाय वाटतं," ते ओशाळून म्हणाले. आता नवा घ्या की, असं मी म्हणणारच होतो.

त्याआधी बाई बोलल्या. "तुमचा चांगला हाय. चूक आमची हाय." त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर ती फाईल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केली, मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडली. विस्कटलेले रकाने एकेक करून सरळ केले आणि फ्लॉपीच्या लेबलवर लिहिलं, 'जुन्यात उघडून पाहिली.'

मालक गेल्यावर मी कुरकुरलो, की लोकांसाठी आपण किती दिवस मागं राहायचं?

"दात नसलेल्याला भाकरी कुस्करून वाढतात," त्या म्हणाल्या. "त्यानं वाढणाऱ्याचे दात पडत न्हाईत."

नवा कॉम्प्युटर साहेबांनी आधी त्यांनाच देऊ केला होता. त्यांनी नको म्हटलं होतं. त्या दिवसापर्यंत मी समजत होतो, त्या नव्याला घाबरल्या.