पालथा हात

नागपूरच्या मनीषनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी तो वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचा, एवढंच ठाऊक होतं. चहाचं पातेलं उतरवण्याआधी तो त्याला पालथा हात लावून बघायचा. इंजिनाची चाकं तापलीत का, हे तेव्हा असंच बघत म्हणे.

परदेशात जाऊन जुन्या इंजिनांचे फोटो काढायचा मला नाद आहे. जर्मनीतल्या एका संग्रहालयातले फोटो मी त्याला मोठ्या ऐटीत दाखवले. त्यानं फोटोवर पालथा हात ठेवला.

"थंड हाय. मेलेल्याचे फोटो काहून काढून राहिली वं पोरी?"

मला रागच आला. "मग चालतं इंजिन कुठे सापडणार, काका?"

"धुरामागं पळू नको. इंजिन पाणी कुठं पिते ते पाह्य, अन् तिथं बस."

ऊस वाहायला अजून वाफेची इंजिनं चालतात म्हणून यंदा जावा बेटावर गेले, तर उसाच्या शेतांतून तीन दिवस धुरामागेच पळाले. दरवेळी इंजिन आधीच निघून गेलेलं. चौथ्या दिवशी साखर कारखान्यामागे, रुळांच्या कडेला एक जाड नळ दिसला. खाली ताजा चिखल होता. मी तिथंच बसले. दोन तासांनी उसाच्या गाड्या ओढत, धापा टाकत ते आलं आणि थेट माझ्यासमोर थांबलं.

नागपूरला उतरल्यावर आधी टपरी गाठली. म्हाताऱ्यानं फोटोवर पालथा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गरम हाय!" गिऱ्हाइकांकडे वळून तो ओरडला. "पोरीनं जितं इंजिन धरून आणलं!"