आप्पांच्या गाडीचा फिल्टर

आप्पांची ॲम्बॅसिडर बंद पडली नव्हती, आप्पांनीच ती बंद ठेवली होती. तेल बदलायची वेळ होऊन गेली होती आणि नवा ऑइल फिल्टर कुठं मिळत नव्हता. जुन्याच फिल्टरवर नवं तेल ओतणं त्यांना मान्य नव्हतं. "घाण गाळणीतनं चहा गाळतो का आपण?" म्हणाले आणि किल्ली मला दाखवून खुंटीला अडकवली. "फिल्टर मिळंपर्यंत गाडीला हात लावायचा न्हाय."

माझे वडील जनावरांचे डॉक्टर. नोकरीची पहिली बरीच वर्षं नातेपुत्याला गेली, मग सोलापूरला घर झालं. ही गाडी त्यांनी निवृत्तीच्या आधी घेतली, तीही वापरलेली, आणि तिचं सगळं दुखणंखुपणं स्वतःच बघितलं. आई गेल्यावर तर रविवारची सकाळ बॉनेटखालीच जायची.

या गाडीचा फिल्टर आताच्या गाड्यांसारखा डबा फिरवून बसवायचा नसतो. एका लोखंडी वाटीत घड्या घातलेल्या कागदाचा जाडसर गोल बसतो, वर रबरी रिंग. तो कागद तेवढा बदलायचा. जुना कागद वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही दोघं स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरलो. एका दुकानदारानं तो उलटसुलट करून बघितला.

"आजोबा, ह्या गाड्याच आता राहिल्या नाहीत. फिल्टर कुठला मिळायचा?"

"राहिल्या न्हाईत कशा? बाहेर उभी हाय की. चला, दाखवतो."

ते तरातरा बाहेर गेले. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. आपण स्कूटरवरून आलोय, गाडी घरी आहे, हे मी त्यांना जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं. ते "व्हय की" म्हणाले.

महिनाभरात दूध आणायला म्हणून बाहेर पडलेले आप्पा दुपारी होटगी रस्त्याला सापडले. रिक्षावाल्याला नातेपुत्याला चल म्हणत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, विसरण्याचा आजार आहे म्हणाले, आणि आम्ही निघताना मला बाजूला घेऊन बजावलं, "गाडी अजिबात चालवू द्यायची नाही."

त्याच आठवड्यात, मी फोन करून ठेवलेल्या पुण्याच्या एका जुन्या दुकानदारानं पाठवलेला फिल्टर मी नोकरी करतो त्या कॉलेजच्या ऑफिसात आला. मी खोका उघडला. अगदी बरोबर माप, रिंगसकट. मी तो टेबलाच्या खालच्या कप्प्यात, परीक्षेच्या जुन्या फॉर्मांखाली ठेवून दिला.

ज्या माणसानं मला गाडी शिकवली, त्याला आता तुम्ही चालवू नका हे कसं सांगायचं, मला कळत नव्हतं. फिल्टर मिळत नाही, हे सांगणं सोपं होतं.

रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की ते विचारायचे, "मिळाला का?"

"नाही, आप्पा."

कधी माझं नाव त्यांना आठवायचं नाही, फिल्टर मात्र आठवायचा. एकदा माझा चेहरा बघून उलट मलाच म्हणाले, "मिळंल रे. तू नको जिवाला लावून घेऊ." असे आठ महिने गेले.

एप्रिलमध्ये एका दुपारी अनोळखी माणसाचा फोन आला. माझ्या बायकोनं आप्पांच्या खिशात माझा नंबर लिहून ठेवला होता, त्यावरून. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा वॉचमन होता. मी धावत गेलो. गेटशेजारच्या पत्र्याच्या सावलीत आप्पा बसले होते. ओठ सुकलेले, मांडीवर तो जुना फिल्टर, पांढऱ्या शर्टाला काळ्या तेलाचे डाग.

"सकाळधरनं बसल्यात," वॉचमन म्हणाला. "हे बनवून द्या म्हणत्यात. आमी हितं टॉवेल बनवतो, साहेब. किती सांगितलं. पाणी प्या म्हटलं तर म्हणाले, आधी काम."

आप्पांनी मला ओळखलं. आनंदानं म्हणाले, "आलास? यांचे साहेब जेवायला गेलेत. आले की बनवून देणार हायत."

कुणीही त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना पाणी पाजलं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीची बॅटरी चार्ज करून आणली आणि कप्प्यातला खोका घरी नेला. कुठं मिळाला, हे त्यांनी विचारलंच नाही. हातात घेऊन नुसते बघत राहिले. मग बाह्या वर केल्या. मी चुकीचा पाना दिला तर माझ्यावर खेकसले. जुनं तेल काढलं, वाटी पुसली, रबरी रिंगेवर बोटानं तेल फिरवलं, कागद बसवून बोल्ट आवळला, नवं तेल ओतलं. एकदाही थांबले नाहीत, काही आठवायला लागलं नाही. मी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, तेलाचा लाल दिवा विझला. लगेच त्यांनी वाकून खाली थेंब पडतोय का ते बघितलं. तेवढा अर्धा तास माझे वडील मला पूर्ण परत मिळाले होते.

आता ते किल्ली मागतील म्हणून मी मनाशी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही लागलं नाही. हात पुसत ते स्वतःहून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

मी गाडी होटगीच्या दिशेनं काढली. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर, चारच्या आत नातेपुत्याला पोचू ना? म्हैस अडलीय."

मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "पोचू, साहेब."

पुढं रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं. मालगाडी यायची होती. आप्पा गप्पांच्या सुरात बोलायला लागले.

"ह्या गाडीचा फिल्टर मिळत नव्हता, बरं का. आमच्या मुलानं शोधला. कॉलेजात हाय तो. सुट्टीच्या दिवशी लई वणवण फिरायचा बिचारा. रोज संध्याकाळी तोंड पाडून यायचा. मला बघवायचं न्हाय."

मालगाडी आली. डबे संपता संपत नव्हते. त्या आवाजात मी म्हणालो, "आप्पा, फिल्टर माझ्याकडंच होता." ते खिडकीतून डबे बघत होते. ऐकलं नसावं. ऐकलं असतं तरी ते एका ड्रायव्हरचं बोलणं असतं.

फाटक उघडलं. "चला," ते म्हणाले.

पावसाळा संपायच्या आत आप्पा गेले. शेवटचे दोन महिने ते अंथरुणावर होते आणि फार बोलत नव्हते. दिवसकार्य झाल्यावर सगळी पांगली, बहीण तेवढी मागं राहिली होती. तिला मी कप्प्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तू बरोबरच केलंस. गाडी घेऊन कुठं तरी आपटले असते."

मलाही ते पटतं. पण मी दारातून आत येताना ते ज्या आशेनं मान वर करायचे, ते तिनं पाहिलेलं नाही.